चासी न कापता गाडी सजवायची कशी: पहिल्यांदा शेडमध्ये उतरणाऱ्यांसाठी

मृगाचे दोन पाऊस झाले की आमच्या शेडसमोर एकाच दुखण्याच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. गंगापूर, वैजापूर, पैठणकडची पोरं येतात आणि पुढच्या मडगार्डाकडं बोट दाखवतात. मडगार्ड आणि टायर यांच्यामधल्या फटीत काळी माती अशी ठासून बसलेली असते की चाक फिरत नाही. रस्त्यात बाभळीच्या काडीनं उकरत उकरत घर गाठलेलं असतं. मागच्या जूनमध्ये असाच एक पोरगा वडिलांची जुनी स्प्लेंडर घेऊन आला. म्हणाला, "काका, मडगार्ड काढूनच टाका, आणि मागची चासी कापून कॅफे रेसरसारखी सीट बसवून द्या. करायचंच हाय तर एकदाच करू."

मी त्याला चहा पाजला आणि त्या दिवशी गाडीला पाना लावला नाही. पुढच्या तीन रविवारांत त्यानं स्वतःच्या हातानं मडगार्ड उचललं, कॅरिअर बनवलं, दोन लाइट बसवले. चासीला कुठंही कटिंग व्हील लागलं नाही. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

माझा एकच नियम आहे. तुम्ही बनवलेला प्रत्येक पार्ट गाडीच्या मूळ भोकांवर बोल्टनं बसला पाहिजे, आणि दोन पान्यांनी अर्ध्या तासात उतरला पाहिजे. चासी कापायची नाही, चासीवर वेल्डिंग करायचं नाही. नवख्यानं पहिलं वर्षभर एवढं पाळलं तरी त्याच्या हातून गाडी वाया जात नाही. चूक झाली तर पार्ट भंगारात जातो, गाडी शाबूत राहते.

आधी कायदा समजून घ्या

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. या कलमात बदल म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "प्रत्येक बदलामागं" हे शब्द नीट वाचा.

चासी कापून मागचा भाग आखूड करणं, दुसरं इंजिन टाकणं, चिमटा (मागचं चाक धरणारे दोन हात) लांबवणं हे सरळ सरळ त्यात बसतं. बोल्टनं लावलेलं सामानाचं कॅरिअर ही वेगळी गोष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसाला धरायला कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण हवं. म्हणजे साडी गार्ड काढून गाडी "क्लीन" करायची हौस परवडणारी नाही. ज्या घरातली आई, बहीण, बायको मागं एका बाजूला बसते, त्या घरात तर मुळीच नाही. आरसे दोन्ही ठेवा. नंबर प्लेट वाकवू नका, सीटखाली लपवू नका. रंग बदलणार असाल तर आरटीओत कळवून आरसी बुकावर नोंद करून घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा.

सायलेन्सरचं इथंच आटोपतो. ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आणि त्यापुढच्या गाड्यांना ८० डेसिबल आहे. बाजारातले फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर ती सहज ओलांडतात. शिवाय बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. ते काढलं की इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं याचा हिशोब बिघडतो. आमच्या शेडमध्ये हे काम होत नाही.

काय बनवायचं, काय विकत घ्यायचं

ब्रेक शू, डिस्क, अ‍ॅक्सल, हँडल, हँडलचे क्लॅम्प, पुढच्या शॉकअपची टी (दोन्ही शॉकअपना हँडलखाली धरणारा आडवा भाग), चिमटा, स्पोक, चेन-स्प्रॉकेट ह्या वस्तू घरी बनवायच्या नाहीत आणि रस्त्यावरच्या ढिगातून उचलायच्या नाहीत. त्या तुटल्या तर माणूस पडतो. चांगल्या कंपनीच्या घ्या, बिल घ्या. घरी बनवायला कॅरिअर, मडगार्डच्या पट्ट्या, लाइटचे ब्रॅकेट, मोबाइलचं स्टँड, टूल बॉक्स, बॅग अडकवायच्या चौकटी एवढं पुष्कळ झालं.

दुकानात गेलात की "स्प्लेंडरला बसंल का?" एवढं विचारून पार्ट घेऊ नका. जुना पार्ट सोबत न्या. बेअरिंग घेताना त्यावरचा नंबर वाचायला शिका. ६२०१ मधले शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढं त्या आकड्याला पाचानं गुणायचं. म्हणजे ६२०४ चं भोक २० मिमी. एवढं माहीत असलं की दुकानदार "चालून जाईल" म्हणाला तरी तुम्ही फसत नाही.

बोल्टचंही तसंच. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेला बोल्ट घ्या. साधा, काहीच न लिहिलेला बोल्ट पाट्या लावायला ठीक आहे. नट नायलॉक घ्या, म्हणजे आतमध्ये नायलॉनची कडी असलेला, आणि एकदा काढला की पुन्हा वापरू नका. मोटारसायकल थरथरते, साधा नट हळूहळू फिरून गळून पडतो.

हत्यारं

रिंग पाने ८ ते १९, एक टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळता येणारा पाना), कानस, मेटल टेप, सेंटर पंच, ड्रिल मशीन, चार इंची ग्राइंडर, एक मल्टिमीटर आणि टेबलाला घट्ट बांधलेला व्हाइस. वेल्डिंग मशीन पहिल्या दिवशी घेऊ नका. आपल्याकडं तालुक्याच्या गावात ट्रॉल्या, गेट, औजारं बनवणारा फॅब्रिकेटर असतोच. तुम्ही कापून, वाकवून, भोकं पाडून न्या आणि जोड त्याच्याकडून मारून घ्या. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती लेथ, पावडर कोटिंग, लेझर कटिंगची छोटी युनिटं उभी राहिली. छत्रपती संभाजीनगरच्या जवळ राहणाऱ्यांची त्यामुळं मोठी सोय आहे. रविवारी किंवा शिफ्ट सुटल्यावर गेलात तर एखादा टर्नर एका बुशचंही काम आपुलकीनं करून देतो. मात्र हातात कागद असू द्या, त्यावर माप मिमीमध्ये लिहिलेलं असू द्या. "एवढं एवढं पाहिजे" असं बोटांनी दाखवणाऱ्याचं काम नेहमी दोनदा करावं लागतं.

चष्मा सोडून ग्राइंडर सुरू करायचा नाही. कटिंग व्हीलला गार्ड असलंच पाहिजे. सैल बाह्या, गळ्यातलं उपरणं बाजूला ठेवा.

पहिलं काम: मडगार्ड उचलणं

काढून टाकायचा मोह आवरा. बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या मडगार्डची लोखंडी कमान दोन शॉकअपना एकमेकांशी बांधून ठेवते. ते काढलं की दोन्ही पाय सुटे सुटे वागतात आणि वळणावर हँडल अस्थिर होतं. म्हणून ठेवायचं, फक्त वर सरकवायचं.

मडगार्ड प्रत्येक शॉकअपला आडव्या बोल्टनं बसलेलं असतं, बहुतेक गाड्यांत एका बाजूला दोन. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा. पुठ्ठा शॉकअपवर धरून बोल्टांच्या जागा पेन्सिलनं घासून उमटवा. त्याच्या वर २५ मिमीवर तशीच दोन भोकं आखा. झाली चार भोकांची पट्टी: खालची दोन शॉकअपसाठी, वरची दोन मडगार्डसाठी.

इथं एक चूक सगळेच करतात. एका अखंड पट्टीऐवजी प्रत्येक बोल्टाला एक अशा दोन वेगळ्या छोट्या पट्ट्या लावतात, कारण कापायला सोप्या जातात. मग मडगार्ड त्या दोन पट्ट्यांवर झोक्यासारखं पुढं-मागं झुलतं. बोल्ट कितीही आवळा, खड्ड्यांच्या रस्त्यावर ते ढिले होणारच. चारही भोकं एकाच पत्र्यात असली की झुलायला जागाच उरत नाही.

पत्रा ४ मिमीचा घ्या. त्याहून जाड घेतला तर तेवढं मडगार्ड दोन्ही बाजूंनी आत दाबलं जातं. भोक पाडताना आधी सेंटर पंचनं खूण, मग ३ मिमीचं ड्रिल, मग शेवटच्या मापाचं. ६ मिमीच्या बोल्टाला ६.५ आणि ८ च्या बोल्टाला ८.५ मिमीचं भोक पुरतं. एकदम मोठं ड्रिल घातलं तर ते पत्र्यावर नाचतं आणि भोक भलतीकडं जातं. कडा कानशीनं गोल करा, बोट फिरवून बघा, खरचटता कामा नये.

आता महत्त्वाची तपासणी. शॉकअप दबतो तेव्हा मडगार्ड चाकाबरोबर वर येतं. तुम्ही ते २५ मिमीनं उचललंय, म्हणजे पूर्ण दबल्यावर ते वरच्या टीच्या तेवढंच जवळ जाणार. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा. शॉकअपच्या नळीचा उघडा चकचकीत भाग किती लांब आहे तो मोजा. मडगार्डच्या सगळ्यात उंच जागेपासून टी, हॉर्न किंवा हॉर्नच्या वायरपर्यंतचं अंतर मोजा. हे दुसरं माप पहिल्याहून जास्त असलंच पाहिजे. कमी असेल तर १५ मिमीच उचला. खड्ड्यात मडगार्ड टीला अडकलं तर चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो.

बोल्ट जर शॉकअपच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यात जात असेल, तर मूळ बोल्टापेक्षा पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब नवा बोल्ट घ्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे, ८ मिमीचा असेल तर १२ मिमी. चारच आट्यांवर लटकलेला बोल्ट आवळताना आटे ओढून आणतो. टॉर्क साधारण ६ मिमीच्या बोल्टाला १० न्यूटन मीटर आणि ८ मिमीच्या बोल्टाला २२ च्या आसपास. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचा खरा.

पंचवीस मिमीनं ओल्या काळ्या रानातून गाडी पळायला लागेल असं नाही. नांगरलेल्या वावरात कोणतंही मडगार्ड भरणारच. पण पांदीच्या रस्त्यानं शेतात जाऊन यायला ते पुरतं, आणि अडकलेला गाळ काडीनं सहज निघतो.

दुसरं काम: कॅरिअर

यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे म्हणून सावकाश घ्या.

आपल्याकडची पोरं पहिल्यांदा बांधकामाची सळई उचलतात. घरी पडलेली असते, जालन्याच्या मिलमधली ताजी असते, फुकट वाटते. ती घेऊ नका. टीएमटी सळईचं बळ तिच्या बाहेरच्या कडक थरात असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं तो थर तिथं नरम पडतो. आणि तिच्या अंगावरच्या शिरांच्या मुळाशी थरथरीनं तडा धरायला जागा मिळते. साधी गोल सळई त्याहून बरी, पण पाइप सगळ्यात चांगला. हिशोब करून बघा. सळईचं वजन काढायचं सूत्र साइटवरच्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १२ मिमी सळई मीटरला ०.८९ किलो. बाहेरून १६ मिमी आणि १.६ मिमी जाड भिंतीचा पाइप मीटरला ०.५७ किलो भरतो. वजन दोन-तृतीयांशाहून कमी, आणि वाकण्याला विरोध मात्र जवळजवळ दुप्पट. लोखंड मध्यापासून जितकं दूर, तितका ताठपणा जास्त.

पाइप काळा, साध्या लोखंडाचा घ्या. नळाचा जस्ताचा जीआय पाइप वेल्ड करू नका. जस्त जळून निघणाऱ्या पांढऱ्या धुरानं थंडी-ताप भरतो, छाती आवळते. भंगारातली क्रोम केलेली नळीही नको, तिचा धूर त्याहून वाईट.

आधी जुन्या वेल्डिंग रॉडचा किंवा जाड तारेचा सांगाडा वाकवून गाडीवर बसवा. त्यावर खरी बॅग ठेवून बघा. मागं कुणी बसल्यावर पाठ टेकते का, टेललाइट आणि नंबर प्लेट झाकली जाते का, किक मारताना पाय अडतो का, इंडिकेटर दिसतात का. तार दहादा वाकवता येते, पाइप एकदाच. समाधान झालं की तारेची लांबी मोजून पाइप कापा.

वाकवायला इलेक्ट्रिशियनचा हाताचा बेंडर मिळाला तर उत्तम, तुमच्या पाइपच्या मापाचाच हवा. नाहीतर पाइपमध्ये बारीक वाळू ठोकून भरा, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करा आणि लालबुंद तापवून वाकवा. वाळूमुळं पाइप चेपत नाही. वाळू कढईत भाजून पूर्ण सुकवलेली हवी. ओली असली तर आत वाफ कोंडते आणि खुंटी गोळीसारखी उडते. तोंडासमोर कधीच उभं राहू नका.

कॅरिअरला कमीत कमी चार टेकू द्या: दोन मागच्या कडीच्या बोल्टांवर, दोन मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टांवर. शॉकअपचा बोल्ट लांब लागला तर त्याच जाडीचा, ८.८ चाच घ्या. टेकूची पट्टी २५ मिमी रुंद, ५ मिमी जाड. बाजूनं बघितल्यावर कॅरिअर आणि टेकू मिळून त्रिकोण दिसला पाहिजे. नुसता मागं काढलेला हात कितीही जाड असला तरी मुळाशी तुटतो.

माझं पहिलं कॅरिअर तसंच गेलं. चार महिने छान चाललं. एक दिवस गाडी धुताना वेल्डच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ दिसली. मला ती मातीची वाटली. फडक्यानं पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. नखानं दाबलं तेव्हा पाइप हलला. तडा गेला होता आणि आतला गंज पाण्याबरोबर बाहेर येत होता. तेव्हापासून जोडाच्या कडेची तांबूस रेघ मी कधी दुर्लक्षित करत नाही. चूक अशी होती की जोड नेमका सगळ्यात जास्त ताणाच्या जागी, पाइपच्या वरच्या अंगाला आडवा मारला होता. आता जोडावर तिकोनी पत्रा लावतो, आणि वेल्डची रेघ पाइपच्या लांबीला धरून बाजूनं संपवतो.

वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. प्लायवूडच्या तुकड्यावर चारही बोल्टांच्या जागा पुठ्ठ्यावरून उतरवून घ्या, तिथं बोल्ट उभे करा आणि कॅरिअरचे टेकू त्यावर आवळून टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून घ्या. मग गाडीवर लावून बघा, सगळे बोल्ट हातानं आरामात गेले तरच पूर्ण वेल्ड. एखादा बोल्ट हातोडीनं ठोकून घालावा लागला तर तिथं कायमचा ताण राहतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. टाका गाडीवरच मारणं अगदी भाग पडलं, तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प त्याच तुकड्याला लावा. इंजेक्शनच्या गाडीवर तेही नको, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जातो. आणि टाकीला वेल्डिंग कोणी कितीही खात्रीनं करून देतो म्हणाला तरी करू नका. टाकी रिकामी दिसते तेव्हाच आत पेट्रोलची वाफ भरलेली असते.

कॅरिअरवर किती ठेवायचं? बनवणाऱ्याला विचारलं तर तो "क्विंटलभर" म्हणतो. दहा-बारा किलोवर जाऊ नका. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती चाकाच्या मागं टांगली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही. गोणी न्यायचीच तर सीटवर, अंगाजवळ.

तिसरं काम: लाइट

कितीतरी वर्षांपूर्वी रात्री बीडला जाताना पाचोड ओलांडल्यावर माझ्या हेडलाइटमधून धूर यायला लागला. मी स्वतःच जोडलेली वायर टीजवळ घासून सोलली होती, हँडल वळलं की लोखंडाला चिकटत होती, आणि वाटेत फ्यूज नव्हता. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं पाण्याची बाटली आणि पाना दिला, म्हणून बॅटरीची वायर वेळेत निघाली. तेव्हापासून फ्यूजशिवाय एकही वायर नाही.

आधी गणित. २० वॉटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॉट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. एवढा करंट हँडलवरच्या नाजूक स्विचमधून न्यायचा नाही. चार पायांचा रिले घ्या, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच. त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली वायर फ्यूजमधून ३० ला, ८७ पासून लाइटला. ८६ ला स्विचमधून येणारी वायर, ८५ चासीला. स्विचमधून आता फक्त रिले ओढायपुरता नगण्य करंट जातो. फ्यूज ५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज लाइटजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते.

स्विचची वायर चावी चालू केल्यावरच करंट येणाऱ्या ठिकाणाहून घ्या, म्हणजे चावी बंद केली की लाइट बंद. जुन्या कितीतरी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलच्या एसी करंटवर चालतो. तिथून एलईडी जोडला तर तो फडफडतो आणि लवकर मरतो.

बसवल्यावर मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवं. सगळे लाइट लावून, मध्यम रेसवर आकडा १३ च्या खाली घसरला तर कॉइल पुरी पडत नाही. एक लाइट काढा. मोठी बॅटरी लावून उपयोग नाही, भरणारं तेवढंच आहे.

वायर टीजवळून नेताना हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. कुठंही ताण नको, कुठंही दोन लोखंडांच्या मधे चिमटा नको. बाहेरून प्लास्टिकची नळी चढवा. जोड पीळ मारून टेपनं गुंडाळू नका, कनेक्टर दाबून बसवा. आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा डिंक वितळून ती सुटून येते. लाइटचा झोत खाली, डांबरावर पडेल असा लावा. समोरच्या बैलगाडीवाल्याचे डोळे दिपवून आपल्याला रस्ता दिसत नसतो.

बाकीचं थोडक्यात

हँडल बदललं तर इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. मधेच रेस वाढली तर एक्सिलेटरची वायर आखूड पडतेय. तसं हँडल घेऊन रस्त्यावर जाऊ नका. टायर फार तर एक माप वाढवा, २.७५ च्या जागी ३.००. मग चिमटा, चेन कव्हर आणि मडगार्ड यांच्याशी बोट फिरेल एवढी फट राहते का बघा. स्प्रॉकेटमध्ये पुढचा एक दात कमी केला तर मागं तीन दात वाढवल्यासारखं होतं. १४ आणि ४२ चं गुणोत्तर ३, तर १३ आणि ४२ चं ३.२३. गाडी चढाला जोर धरते, पण रस्त्यावर इंजिन जास्त फिरतं. सीटवर काळं गुळगुळीत रेक्झिन नको. उन्हात तासभर उभी राहिली की बसवत नाही. फिकट, खरखरीत कापडाचं घ्या आणि शिवणीच्या खाली प्लास्टिकचा थर घालायला सांगा, नाहीतर फोम पावसाळाभर ओला राहतो.

रंगाला पावडर कोटिंग चांगलं. ते १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्कं होतं, म्हणून रबर, बुश, प्लास्टिक काढूनच पार्ट द्या, आणि आट्यांवर टेप लावलीय का ते स्वतः बघा. पुट्टी भरलेल्या पार्टला ते चालत नाही. हातानं रंगवायचं असेल तर सकाळी लवकर, जमिनीवर पाणी शिंपडून. दुपारच्या वाऱ्यात सगळी धूळ रंगावर बसते.

चालवून बघणं

पहिली फेरी एकट्यानं, रिकाम्या गाडीनं, गल्लीतल्या गल्लीत. दोन्ही ब्रेक, दोन्हीकडचं पूर्ण वळण, खड्ड्यातून एकदा. मग दहा किलोमीटर, आणि घरी येऊन प्रत्येक बोल्टाला हात लावून बघायचा. आवळल्यावर बोल्ट आणि पट्टीवर पेंटनं एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना न लावता कळतं. शंभर किलोमीटरवर पुन्हा टॉर्क रेंच. त्यानंतर दर महिन्याला गाडी धुताना वेल्डच्या कडा ओल्या फडक्यानं पुसून तांबूस रेघ शोधा.

गाडीवरून उतरवलेले सगळे मूळ बोल्ट, कडी, ब्रॅकेट एका गोणीत भरा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, कुठून काढला ते लिहा, आणि गोणी माळ्यावर ठेवा. त्या पोराची गोणी अजून आमच्याच शेडमध्ये आहे. परवा येऊन त्यानं त्यातला हॉर्नचा मूळ बोल्ट शोधून नेला.